अंडं खायला सुरुवात करताय? आधी ताटातली त्याची जागा ठरवा

शाकाहारी घरातली माणसं अंड्याकडे वळतात ती बहुतेक तीन कारणांनी. रक्ततपासणीत बी-१२ कमी निघतं, जिममधला ट्रेनर प्रोटीनच्या मागे लागतो, नाहीतर शिक्षण-नोकरीसाठी घराबाहेर राहायला लागल्यावर स्वस्तात आणि झटपट काय करून खाता येईल याचा शोध सुरू होतो. सल्ला मात्र सगळीकडून दोनच शब्दांचा मिळतो : ‘अंडी खा.’ किती खायची, कुठून आणायची, किती वेळ उकडायची, घरातल्या तव्याचं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. आणि कशाच्या जागी खायची, हे तर नाहीच नाही. सकाळचे दोन पराठे, चहा, चहाबरोबर चार बिस्किटं हे सगळं तसंच ठेवून वर दोन अंडी खाल्ली, तर आहार सुधारत नाही, नुसता वाढतो. अंडं ताटात घ्यायचं तर त्याला जागा करून द्यावी लागते. हा लेख त्या जागेबद्दल आहे.

पायरी पहिली : एका अंड्यात किती काय असतं

आपल्याकडच्या दुकानातलं अंडं कवचासकट साधारण ५० ते ५५ ग्रॅम भरतं. त्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, पाच ग्रॅमच्या आसपास चरबी आणि ७० ते ७५ कॅलरी मिळतात. तंतू शून्य, क जीवनसत्त्वही शून्य. म्हणून नुसतं अंडं म्हणजे जेवण नव्हे. त्याच्या शेजारी कोशिंबीर, पालेभाजी, लिंबू, एखादं फळ असं काहीतरी लागतंच.

आता गरज किती ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलो वजन असेल तर झाले ५० ग्रॅम. दोन अंड्यांतून त्यातले बारा ग्रॅम आले, म्हणजे जेमतेम पाव हिस्सा. बाकीचा डाळी, कडधान्यं, दूध, दही, शेंगदाणे यांच्यातूनच यायचा आहे. हे सांगण्याचं कारण असं, की अंडी सुरू झाली की बऱ्याच घरांत उसळ होणं कमी होतं. ते होऊ देऊ नका. आणि ‘आम्ही रोज वरण खातो की’ म्हणणाऱ्यांसाठी : पातळ वरणात माणशी २० ग्रॅम तूरडाळ पडली, तर त्यातून साडेचार ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. वरण चांगलंच आहे, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका.

पांढरं खाऊन बलक टाकून द्यायचा का? माझं सरळ उत्तर, नाही. सहा ग्रॅमपैकी अडीच-पावणेतीन ग्रॅम प्रथिनं बलकातच असतात. अ आणि ड जीवनसत्त्व, बी-१२चा बहुतेक भाग, मेंदू आणि यकृताला लागणारं कोलीन, डोळ्यांना उपयोगी पडणारी ल्यूटिनसारखी द्रव्यं, हे सगळं पिवळ्यात. पांढऱ्यात मुख्यतः पाणी आणि प्रथिनं. रोज पाच-सहा अंडी खाणाऱ्या व्यायामपटूनं काही बलक बाजूला काढले तर समजू शकतो. दिवसाला एक अंडं खाणाऱ्यानं तो टाकणं म्हणजे निव्वळ नासाडी.

बलकाबद्दलची भीती कोलेस्टेरॉलमुळे आली. एका मोठ्या अंड्यात सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं आणि पूर्वी दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली जायची, त्यामुळे दुसरं अंडं खाताना हात थबकायचा. पण शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच बनवतं, आणि रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवण्यात तूप, लोणी, वनस्पती तूप, बेकरीचे पदार्थ यांतल्या संपृक्त आणि ट्रान्स चरबीचा वाटा मोठा असतो. अमेरिकेच्या २०१५-२०च्या आहार मार्गदर्शिकेतून ती ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढून टाकली गेली. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१९ साली निरोगी माणसाला दिवसाला एक अख्खं अंडं चालेल असं म्हटलं. नवशिक्यानं हाच आकडा धरून चालावं.

बी-१२साठी अंडी सुरू करणाऱ्यांना एक स्पष्ट सांगायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं केलेल्या कामातून पुणे आणि आसपासच्या गावांत ही कमतरता किती पसरलेली आहे ते पुढे आलं. एका अंड्यात अर्धा मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ असतं, गरज दिवसाला दोन मायक्रोग्रॅमच्या वर, आणि अंड्यातलं बी-१२ शरीर पुरतं शोषून घेत नाही. म्हणून रिपोर्टमध्ये कमतरता दिसली असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या-इंजेक्शनं घ्यायचीच. अंडी त्यांच्या जोडीला, त्यांच्या बदल्यात नाहीत.

पायरी दुसरी : सुरुवात करण्याआधी कुणी विचारायचं

मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर आठवड्याला किती अंडी चालतील ते आपल्या डॉक्टरांना विचारा. घरात कमी वयात हार्ट अटॅक आलेली माणसं असतील तर आधी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करून घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा. काही जणांचं कोलेस्टेरॉल आहारातल्या बदलाला इतरांपेक्षा जास्त प्रतिसाद देतं, आणि आपण त्यांतले आहोत की नाही हे तपासणीशिवाय कळत नाही.

ॲलर्जी मुलांमध्ये जास्त दिसते, पण पहिल्यांदाच खाणाऱ्या मोठ्यांनीही सुरुवात अर्ध्या अंड्यानं करावी. अंगावर गांध्या उठणं, ओठ सुजणं, उलट्या, धाप यांतलं काही दिसलं तर पुन्हा खाऊन खात्री करत बसू नका. धाप लागली तर वाट न पाहता दवाखाना गाठा. बाळाला सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की पूर्ण शिजवलेलं अंडं अगदी थोडं थोडं देता येतं, पण आधी बालरोगतज्ज्ञांशी बोलून.

पायरी तिसरी : विकत घेताना

ज्या दुकानात अंडी भराभर संपतात तिथून घ्या. उन्हात मांडलेला ट्रे असेल तर पुढचं दुकान बघा. तडा गेलेली अंडी स्वस्तात देतात, ती घेऊ नका, कारण कवच फुटलं की जंतूंना वाट मोकळी होते. डब्यातली ब्रँडेड अंडी घेतलीत तर त्यावरची तारीख पाहा. तेवढाच काय तो त्या डब्याचा खरा फायदा. एकट्या माणसानं तीस अंड्यांचा ट्रे उचलायची गरज नाही, सहा किंवा डझन पुरे.

आता गावरान की पोल्ट्रीची? गावरान अंडं आकारानं लहान, किमतीनं जवळपास दुप्पट, आणि चवीला अनेकांना आवडतं. पोषणात मात्र किमतीइतका फरक नसतो. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो आणि बलकाचा रंग तिच्या खाण्यावर. हिरवा पाला, मका खाल्ला की बलक गडद होतो. तेव्हा तपकिरी कवच म्हणजे जास्त पौष्टिक हा हिशेब चुकीचा. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची कोंबडी, तिचं मांस काळसर असतं, पण अंडं काळं नसतं. काळं अंडं दाखवून कुणी दुप्पट पैसे मागत असेल तर दुकान बदला. परवडत असेल आणि चव आवडत असेल तर गावरान जरूर घ्या, नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका.

भाव रोज बदलतो. पुण्यात मुख्यालय असलेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, शंभर अंड्यांचा दर जाहीर करते. श्रावणात मागणी घटली की दर उतरतो, थंडीत चढतो. १९८२ साली कुक्कुटपालन उद्योजक बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं ही संस्था उभी राहिली आणि ‘संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे’ ही जाहिरात तिचीच. जाहिरात झकास होती यात वाद नाही, पण ती उत्पादकांची होती हेही लक्षात असू द्या.

पायरी चौथी : घरी आणल्यावर

आणल्या आणल्या अंडी धुवायची नाहीत. कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो, तो धुतल्यानं निघून जातो आणि कवचातली सूक्ष्म छिद्रं उघडी पडतात. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा आणि फोडण्याच्या अगदी आधी धुवा. टोकदार बाजू खाली ठेवायची. फ्रिजच्या दारात अंड्यांसाठी खाचा केलेल्या असतात खऱ्या, पण दार सारखं उघडतं आणि तिथलं तापमान वरखाली होतं. आतल्या कप्प्यात, बंद डब्यात ठेवलेली बरी. फ्रिजमध्ये दोन-तीन आठवड्यांत संपवा. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात दोन-चार दिवसांपुरतीच आणा. आणि एकदा फ्रिजमध्ये ठेवलेली अंडी पुन्हा ओट्यावर तासन्‌तास ठेवू नका, कवचावर पाणी सुटतं आणि ते जंतूंना बरं पडतं.

शिळं ओळखायची जुनी रीत अजूनही चालते. खोलगट भांड्यात पाणी घेऊन अंडं सोडा. ताजं अंडं तळाशी आडवं बसतं, जुनं होत गेलं की तळाशीच उभं राहतं, फार जुनं तरंगतं. अंड्याच्या रुंद टोकाशी हवेची पोकळी असते, दिवस जातील तशी ती मोठी होते, म्हणून हे घडतं. तरंगणारं टाकून द्या. बाकीची फोडताना एकेक वेगळ्या वाटीत फोडून मग मोठ्या भांड्यात ओता. एक नासकं निघालं तर बाकीची तीन वाचतात. बलकावर रक्ताचा बारीक ठिपका दिसला तर घाबरू नका, चमच्यानं काढून टाका, अंडं खाण्याजोगंच असतं.

पायरी पाचवी : पहिलं अंडं

वासाची सवय नसणाऱ्यांनी थेट उकडलेल्या अंड्यापासून सुरुवात करू नये असं माझं मत. तो वशट वास आणि बलकाचा घशात बसणारा कोरडेपणा, या दोन गोष्टींनी अनेकांचा पहिल्याच दिवशी उत्साह संपतो. त्यापेक्षा अंड्याची पोळी करा, आणि तीही धिरड्याच्या वळणानं. एक अंडं, दोन चमचे बेसन, चिमूटभर हळद, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर, मीठ आणि लागेल तसं थोडं पाणी. आधी बेसन पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग अंडं फेटून घाला. तवा मध्यम आचेवर तापवा, चमचाभर तेल पसरवा, मिश्रण ओता आणि झाकण ठेवा. कडा सुटून वरचा ओलेपणा गेला की उलटा. बेसन आणि कोथिंबिरीखाली अंड्याचा वास जवळजवळ जाणवत नाही. हे दोन-तीनदा जमलं की बेसन कमी करत न्या.

मग उकडणं. पातेल्यात आधी पाणी उकळू द्या, आच थोडी कमी करा आणि मोठ्या चमच्यानं अंडी अलगद आत सोडा. वरून टाकली तर तळाला आपटून तडकतात. पाण्यात मीठ घातलं तर तडा गेलाच तरी बाहेर येणारं पांढरं तिथल्या तिथे गोठतं. दहा मिनिटांत बलक शिजलेला पण मऊ राहतो, बारा मिनिटांत भुरभुरीत होतो. फ्रिजमधून काढलेली असतील तर एक मिनिट जास्त. वेळ झाली की लगेच गार पाण्यात घाला आणि पाचेक मिनिटं तिथेच राहू द्या. जास्त उकडलं तर बलकाभोवती हिरवट-करडं कडं येतं. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक यांच्या संयोगानं ते होतं. त्यानं अपाय काही नाही, पण वास वाढतो आणि पांढरं रबरासारखं चिवट लागतं. कुकरला शिट्ट्या काढून उकडण्याच्या मी विरोधात आहे ती यासाठीच.

सोलताना सालीबरोबर अर्धं पांढरं निघून येतं ही सगळ्यांची तक्रार. अगदी ताज्या अंड्यांचं हे असंच होतं, कारण त्यांचं पांढरं आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटतं. आठवडाभर जुनी अंडी उकडायला घ्या, ताजी पोळीला ठेवा. आणखी एक युक्ती : इडलीपात्रात किंवा मोदकपात्रात पाणी उकळलं की चाळणीवर अंडी ठेवून बारा मिनिटं वाफवा. पाण्यात उकडलेल्यांपेक्षा ती सोपी सोलली जातात. फोडायची सुरुवात रुंद टोकाकडून, तिथल्या पोकळीत बोट शिरायला जागा असते, आणि वर नळाची बारीक धार.

उकडलेलं अंडं खाताना मीठ-मिरपूड, नाहीतर किंचित कांदा-लसूण मसाला आणि लिंबू. डब्यात न्यायचं तर सोलून नेऊ नका, कवचासकट न्या. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, मे महिन्यात तर तासाभरातच संपवावं. तेव्हा ऑफिसात फ्रिज नसेल तर ते नाश्त्यालाच खाऊन निघालेलं चांगलं.

कच्चं अंडं दुधात फेटून पिण्याची जुनी पद्धत मात्र सोडून द्या. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जंतूंचा धोका असतो, पांढऱ्यातलं अव्हिडिन नावाचं प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला धरून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही, आणि कच्ची प्रथिनं शिजवलेल्यांपेक्षा खूपच कमी पचतात. म्हणजे नाक दाबून प्यायचं आणि मिळायचं कमी. वाहता बलक असलेलं हाफ फ्राय गर्भवती, लहान मुलं आणि वृद्ध यांनी टाळावं.

पायरी सहावी : तेलाची बाटली आणि पाव

अंड्यानं वजन वाढतं असं म्हणणाऱ्यांना गाडीवरची भुर्जी डोळ्यासमोर असते. एक टेबलस्पून तेल म्हणजे १२०च्या वर कॅलरी, जवळजवळ पावणेदोन अंड्यांएवढ्या. दहा ग्रॅम बटर म्हणजे आणखी सत्तरेक. लादीपावाच्या एकेका पावात शंभरेक कॅलरी धरा. दोन अंड्यांची भुर्जी, वर बटरचा गोळा आणि बटरमध्ये भाजलेले तीन पाव अशा प्लेटमध्ये अंड्यांचा वाटा पाव हिस्सासुद्धा राहत नाही. पणजीत संध्याकाळी मिळणारं रस ऑम्लेट, म्हणजे शाकुतीच्या गरम रश्शात बुडालेलं ऑम्लेट आणि बरोबर पाव, हे अप्रतिमच असतं आणि ते मौज म्हणूनच खावं. त्याला ‘प्रोटीन’ म्हणू नये.

घरच्या भुर्जीला दोन अंड्यांना एक छोटा चमचा तेल पुरतं. कांदा आणि टोमॅटो अंड्यांच्या बरोबरीनं घ्या, मूठभर चिरलेली मेथी किंवा पालक घाला, पाणी आटवा आणि मगच फेटलेली अंडी ओता. उलथन्यानं हलवत राहा आणि थोडी ओलसर दिसत असतानाच गॅस बंद करा. तव्याच्या उष्णतेवर ती पुरती शिजतात. गॅसवर कोरडी करत बसलात तर ताटात येईपर्यंत चुरा होतो. बरोबर पावाऐवजी ज्वारीची भाकरी.

पायरी सातवी : कशाच्या जागी

पहिल्या आठवड्यात दोन-तीन अंडी, मग एक दिवसाआड, आणि पोटाला सोसलं तर रोज एक. एवढाच वेग ठेवा. जागा अशी करा : पोह्यांची बशी निम्मी आणि बरोबर एक उकडलेलं अंडं. बटाट्याच्या भाजीऐवजी अंड्याचा रस्सा, तोही वाटपात खोबरं बेतानं घालून. संध्याकाळी पाचला चहाबरोबर फरसाण जातं, तिथे अंडं आणि काकडी. रात्री उशिरा घरी येऊन मॅगी टाकणाऱ्यांनी निदान त्यात एक अंडं आणि मूठभर मटार घालावेत, हा आदर्श आहार नाही पण वाईटातला बरा.

उन्हाळ्यात अंडी ‘उष्ण पडतात’ म्हणून चार महिने बंद करायचं कारण नाही. उन्हाळ्यातला खरा प्रश्न ती लवकर खराब होण्याचा आहे. प्लॅस्टिकच्या अंड्यांचे व्हिडिओ दर थोड्या दिवसांनी फिरतात, ते पुढे पाठवू नका. बर्ड फ्लूची बातमी आली की लोक ट्रे परत करतात. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला साथ आली तेव्हापासून हे अधूनमधून होतं. विषाणू ७० अंश सेल्सिअसला नष्ट होतो, त्यामुळे बलकापर्यंत नीट शिजवलेल्या अंड्याची भीती नाही. फक्त साथीच्या भागातली कच्ची अंडी हाताळल्यावर हात साबणानं धुवा.

घरात ज्यांना चालत नाही

पोल्ट्रीत अंड्यासाठी पाळलेल्या कोंबड्यांत कोंबडा नसतो, म्हणून ती अंडी फलित नसतात आणि त्यांतून पिल्लू निघत नाही. हे खरं आहे, पण आजीला पटवायला वापरू नका. तिचा प्रश्न जीवशास्त्राचा नसतो. एक तवा, एक पातेलं, एक उलथनं आणि एक वाटी वेगळी काढा, आणि ती तुम्हीच घासा. सोमवार, गुरुवार, संकष्टी, श्रावण जे घरात पाळतात ते पाळा. आठवड्यातले दोन-तीन वार किंवा सलग महिनाभर अंडी नसली तर आहार कोसळत नाही, त्या दिवशी उसळ, पनीर किंवा दही जरा जास्त घ्या म्हणजे झालं. करताना खिडकी उघडी ठेवा, एक्झॉस्ट पंखा लावा, कवचं कागदात गुंडाळून त्याच दिवशी ओल्या कचऱ्यात द्या.

भांड्यांचा वास जात नाही ही तक्रार बहुधा गरम पाण्यामुळे असते. गरम पाण्यानं अंड्याचा अंश भांड्यालाच शिजून बसतो. आधी गार पाण्यानं खळखळून घ्या, मग कोरडं बेसन किंवा पिळलेल्या लिंबाची साल चोळा, आणि शेवटी साबण. कच्चं अंडं फेटलेली वाटी मात्र तशीच वाळू देऊ नका, ओट्यावरून हलण्याआधीच धुऊन टाका.